स्थैर्याची सीमारेषा : एका प्रश्नाचा इतिहास



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपली शाळा ही व्याख्यानमाला चालविते, ते गणित आणि मराठी हे दोन्ही विषय सारख्याच जिव्हाळ्याने शिकवीत. म्हणूनच गणिताच्या इतिहासातील एक प्रश्न मराठीतून मांडण्याचे धाडस मी आज ग्वाल्हेरात करीत आहे. विद्युत अभियांत्रिकीच्या अध्यापनात माझी तीन तपे गेली आणि त्या सर्व काळात हा प्रश्न माझ्या सोबतीला होता. प्रश्न असा : एखादी मोठी, गुंतागुंतीची व्यवस्था आपल्या समतोलापासून किती दूर ढकलली गेली तरी पुन्हा मूळ जागी परतू शकते? जिच्यापलीकडे परतणे नाही ती रेषा कोठे आहे? आणि ती रेषा हुबेहूब काढता येत नसेल, तर तिचा विश्वासार्ह अंदाज कसा बांधावा?

हा प्रश्न केवळ पंडितांच्या करमणुकीचा नाही. ३० जुलै २०१२ च्या रात्री २ वाजून ३३ मिनिटांनी बीना ते ग्वाल्हेर ही ४०० किलोव्होल्टची वाहिनी तुटली आणि काही क्षणांत सारा उत्तर भारत अंधारात गेला. दुसऱ्या दिवशी, ३१ जुलैला दुपारी एकच्या सुमारास, पुन्हा तीच वाहिनी तुटली आणि या वेळी उत्तरेबरोबर पूर्व व ईशान्य भारतही बंद पडला. साठ कोटींच्या आसपास लोकवस्तीचा हा प्रदेश होता. जगभरच्या अभियंत्यांनी अभ्यासलेल्या त्या प्रकरणात आपल्या गावाचे नाव असे कायमचे नोंदले गेले आहे. त्या घटनेचा अर्थ नीट लागण्यासाठी आधी सव्वादोनशे वर्षांचा प्रवास करावा लागेल.

स्थैर्याविषयी दोन निरनिराळे प्रश्न विचारता येतात. पहिला : थोडासा धक्का दिला तर वस्तू पूर्वस्थितीला येते काय? दुसरा : किती मोठा धक्का ती सोसू शकते? इतिहासात पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधी मिळाले. लाग्रांजने १७८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या यामिकीवरील ग्रंथात सांगितले, की स्थितिज ऊर्जा जेथे सर्वांत कमी, तेथील समतोल स्थिर असतो. वाटीच्या तळाशी ठेवलेली गोटी हे त्याचे घरगुती उदाहरण. या विधानाची पक्की सिद्धता डिरिक्ले याने १८४६ मध्ये दिली. पुढे वाफेच्या यंत्रांचा वेग आवरणाऱ्या गव्हर्नरमुळे हा विषय कारखान्यात शिरला. काही गव्हर्नर वेग सांभाळण्याऐवजी स्वतःच हेलकावू लागत. मॅक्सवेलने १८६८ मध्ये या दोषाचे गणित मांडले आणि केंब्रिजच्या रूथने १८७७ साली अ‍ॅडम्स पारितोषिकाच्या निबंधात, समीकरण न सोडविता केवळ त्याच्या सहगुणकांवरून स्थैर्य ओळखण्याची रीत दिली.

या रीती आजही शिकविल्या जातात. परंतु त्यांची मर्यादा ध्यानात ठेवली पाहिजे. समतोलाच्या अगदी जवळ कोणतीही वक्ररेषा सरळ रेषेसारखी दिसते, या सोयीवर त्या उभ्या आहेत. धक्का मोठा असला की ही सोय संपते. कारणाला कार्य ज्यांत प्रमाणात राहत नाही अशा, म्हणजे अरेषीय, व्यवस्थांत एकाहून अधिक समतोल असू शकतात; काही स्थिर, काही अस्थिर. मग आपण कोणत्या समतोलाच्या प्रदेशात उभे आहोत हे विचारावे लागते.

या प्रदेशांचा पहिला नकाशा फ्रान्सच्या आंरी प्वांकारेने काढला. १८८१ पासून प्रसिद्ध होत गेलेल्या निबंधांत त्याने अवकल समीकरणे सोडविण्याचा हट्ट बाजूला ठेवला आणि त्यांच्या उत्तरांचे मार्ग कोठून कोठे जातात, एवढेच पाहिले. समतोलबिंदूंचे त्याने प्रकार पाडले. त्यांतील एक आपल्या दृष्टीने महत्त्वाचा. त्याला खोगीर-बिंदू म्हणतात.

हे समजण्यासाठी आपल्या माळव्याचेच उदाहरण घेऊ. महूजवळ जानापावच्या डोंगरावर चंबळेचा उगम मानतात. तेथील विंध्याच्या धारेवर पडलेला एक थेंब उत्तरेला उतरला तर तो चंबळेतून यमुनेला, पुढे गंगेला आणि अखेर बंगालच्या उपसागराला मिळतो. त्याच्यापासून हातभर अंतरावर पडलेला दुसरा थेंब दक्षिणेला वळला तर नर्मदेतून अरबी समुद्रात जातो. दोहोंमधली ही धार म्हणजे सीमारेषा. या धारेवर अधूनमधून खिंडी असतात. धारेवरून चालणाऱ्याला खिंड हा सर्वांत सखल भाग वाटतो. दरीतून वर चढणाऱ्याला तोच सर्वांत उंच भाग वाटतो. खिंडीचा हा दुहेरी स्वभाव म्हणजेच खोगीर-बिंदू. खिंडीच्या नेमक्या माथ्यावर गोटी क्षणभर ठरेलही. पण कोणत्याही बाजूला फुंकर पडली की ती गेलीच. स्थिर समतोलाच्या प्रदेशाची सीमा अशा अस्थिर बिंदूंशी बांधलेली असते, ही या सर्व इतिहासाची गुरुकिल्ली होय.

मात्र नकाशा काढणे सोपे नव्हते. स्वीडनच्या ऑस्कर राजाच्या नावाचे पारितोषिक प्वांकारेला १८८९ मध्ये मिळाले, ते ग्रहगतींवरील निबंधासाठी. निबंधाची छपाई झाल्यावर त्यात एक गंभीर चूक असल्याचे खुद्द त्याच्याच लक्षात आले. १८९० मध्ये सुधारून प्रसिद्ध झालेल्या निबंधात त्याने दाखविले, की खोगीर-बिंदूतून निघणारे मार्ग एकमेकांत विलक्षण गुंतू शकतात. म्हणजे सीमा ही नेहमीच डोंगराच्या धारेसारखी स्वच्छ असेल, अशी हमी नाही.

याच सुमारास रशियाच्या साम्राज्यातील खारकोव्ह येथे अलेक्सांद्र ल्यापुनोव्ह हा तरुण अध्यापक काम करीत होता. त्याचा जन्म १८५७ चा. पीटर्सबर्गला चेबिशेव्हसारख्या गणितज्ञाच्या छायेत तो शिकला आणि १८८५ पासून खारकोव्हला शिकवू लागला. १८९२ मध्ये त्याने गतीच्या स्थैर्याच्या सर्वसाधारण प्रश्नावर आपला प्रबंध प्रसिद्ध केला. त्यातली मध्यवर्ती कल्पना लाग्रांजच्या वाटीचीच होती. ल्यापुनोव्हने ती वाटीपासून सोडविली. खरीखुरी ऊर्जा माहीत असण्याची गरज नाही, असे तो म्हणाला. समतोलाजवळ सर्वांत लहान असणारी आणि व्यवस्था हलत असताना सतत घटत जाणारी अशी कोणतीही एक राशी सापडली, तर समतोल स्थिर आहे. समीकरणे न सोडविता निर्णय देणारी ही त्याची दुसरी रीत आज जगभर त्याच्याच नावाने ओळखली जाते.

या कल्पनेत दुसऱ्या प्रश्नाचेही उत्तर दडलेले होते. दरीत पाणी भरत गेलो, तर सर्वांत ठेंगण्या खिंडीपर्यंत पातळी चढेतो एक थेंबही बाहेर सांडणार नाही. त्या पातळीखालचा सारा प्रदेश निःसंशय सुरक्षित. त्याच्या वर काही जागा सुरक्षित असतीलही, पण त्यांच्याविषयी आपण मौन पाळावयाचे. असा अंदाज एकाच बाजूला चुकतो : सुरक्षिताला तो कधी असुरक्षित म्हणेल, असुरक्षिताला सुरक्षित कधीही म्हणणार नाही. अभियंत्याच्या धर्माला शोभणारी अशी ही सावधगिरी आहे.

ल्यापुनोव्हचे चरित्र मात्र करुण आहे. क्षयाने आजारी असलेल्या पत्नीसाठी तो १९१७ मध्ये ओडेसाला गेला. ३१ ऑक्टोबर १९१८ रोजी पत्नी निवर्तली. त्याच दिवशी त्याने स्वतःवर गोळी झाडून घेतली आणि ३ नोव्हेंबरला तो गेला. १९०७ मध्ये त्याच्या प्रबंधाचे फ्रेंच भाषांतर झाले होते. तरी पाश्चात्त्य अभियंत्यांच्या हाती ही रीत सर्वार्थाने आली ती १९६० च्या सुमारास, काल्मन व बर्ट्रम यांचा निबंध आणि लासाल व लेफ्शेत्स यांचे पुस्तक प्रसिद्ध झाल्यावर. तत्पूर्वी रशियात झुबोव्हने एक सुंदर सिद्धांत दिला होता : विशिष्ट समीकरणाचे उत्तर मिळाले तर स्थैर्यप्रदेशाची सीमा अंदाजाने नव्हे, तंतोतंत मिळते. परंतु ते समीकरण सोडविणे लहान उदाहरणांपलीकडे सहसा शक्य होत नाही. अचूक उत्तर आहे, पण हाती येत नाही, अशी ही कोंडी होती.

आता वीजजालाकडे वळू. एका जालातील सर्व जनित्रे एकाच तालावर फिरावी लागतात. भारतात सेकंदाला ५० आवर्तने हा तो ताल. दोरीने एकमेकांना बांधलेले मल्ल धावत आहेत अशी कल्पना करा. कोणी पुढे गेला तर दोरी त्याला मागे खेचते, मागे पडला तर पुढे ओढते. परंतु हे खेचणे अमर्याद वाढत नाही. दोन जनित्रांमधील कोन एका मर्यादेपर्यंत वाढला तर ओढ वाढते. त्यापुढे ती कमी होऊ लागते. अरेषीयता येथेच शिरते. शॉर्टसर्किट झाले की जनित्राची वीज बाहेर पडेनाशी होते. टर्बाइन मात्र ढकलतच असते, म्हणून चाकाचा वेग वाढतो. बिघडलेली वाहिनी वेळेवर तोडली तर चाक हेलकावून स्थिरावते. एका सेकंदाच्या अंशानेही उशीर झाला तर ते खिंड ओलांडून जाते आणि ताल सुटतो. एका जनित्रासाठी हा निर्णय कागदावर दोन क्षेत्रफळांची तुलना करून देता येतो. समक्षेत्र निकष या नावाने ही रीत आम्ही विद्यार्थ्यांना पहिल्याच वर्गात शिकवीत असू.

पण जनित्रे शेकडो असली तर? प्रत्येकाचा एक कोन आणि एक वेग धरला, तरी दहा जनित्रांना वीस राशी लागतात. प्रत्येक राशीच्या केवळ दहा किमती तपासावयाच्या म्हटल्या तरी एकावर वीस शून्ये इतक्या स्थिती होतात. असा नकाशा कोणताही संगणक रेखाटू शकणार नाही. एकेका बिघाडाचे समीकरण पावलापावलाने सोडवून पाहता येते, आणि आजही ते केले जाते. पण त्यातून त्या एका बिघाडाचे उत्तर कळते, कडा किती दूर आहे हे कळत नाही.

९ नोव्हेंबर १९६५ रोजी सायंकाळी ५ वाजून १६ मिनिटांनी या अज्ञानाची किंमत अमेरिकेने मोजली. नायगाऱ्याजवळ कॅनडाच्या बाजूला असलेल्या सर अ‍ॅडम बेक केंद्रावर एका वाहिनीचा रक्षक रिले चालला. वाहिनीत कोणताही बिघाड नव्हता. भार वाढलेला होता आणि रिलेची मर्यादा त्यामानाने कमी ठेवलेली होती. तिचा भार उरलेल्या चार वाहिन्यांवर पडून त्याही तुटल्या, वीज उलटी न्यूयॉर्क राज्याकडे उसळली आणि काही मिनिटांत सुमारे तीन कोटी लोक अंधारात गेले. न्यूयॉर्क शहरात हा अंधार तेरा तासांपर्यंत टिकला.

त्यानंतर स्थैर्यसीमेच्या संशोधनाला निकड आली. ऊर्जेच्या हिशेबाची बीजे आधीच पडली होती : मॅग्नुसनने १९४७ मध्ये आणि एलेटने १९५८ मध्ये तसे प्रयत्न केले होते. १९६६ मध्ये ग्लेस, तसेच एल-अबियाद व नागप्पन यांनी ल्यापुनोव्हची रीत अनेक जनित्रांच्या जालाला लावली. पण उत्तर फार भित्रे येई. जालाला अनेक खिंडी असतात आणि त्यांतली सर्वांत ठेंगणी खिंड बहुधा अशा दिशेला असते, जिकडे प्रस्तुत बिघाड व्यवस्थेला ढकलतच नाही. दक्षिणेची खिंड सखल आहे म्हणून उत्तरेला निघालेल्या वाटसरूला अडविण्यासारखे हे होते. अशी भीती फुकट नसते. वाहिन्यांची क्षमता रिकामी ठेवून ती पोसावी लागते.

मार्ग सापडला तो १९७० च्या दशकाच्या अखेरीस. जपानमध्ये काकिमोतो आणि सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये, तर अमेरिकेत अ‍ॅथे, पॉडमोर व विरमाणी यांनी १९७९ मध्ये विचारले, की सगळी सीमा हवीच कशाला? बिघाड व्यवस्थेला ज्या दिशेने लोटीत आहे, त्या दिशेची धार आणि तिला आवरणारी खिंड शोधली की पुरे. या खिंडीला नियंत्रक अस्थिर समतोल असे नाव मिळाले. या विद्येत भारतीयांचा वाटा मोठा आहे. कानपूरच्या आय. आय. टी. मध्ये अध्यापन केलेल्या एम. ए. पै यांचे १९८१ मधील पुस्तक माझ्या पिढीचे पाठ्यपुस्तक ठरले. वाटेचा तात्त्विक पाया मात्र अजून कच्चा होता. तो १९८७ आणि १९८८ मध्ये स्याव-तुंग च्यांग, मॉरिस हर्श, फेलिक्स वू आणि मुंबईत शिकून बर्कलेला गेलेले प्रवीण वरैया यांच्या निबंधांनी घातला गेला. त्यांनी सिद्ध केले, की काही अटी पाळल्या गेल्या तर स्थैर्यप्रदेशाची संपूर्ण सीमा म्हणजे तिच्यावरील अस्थिर समतोलांकडे ओढल्या जाणाऱ्या पृष्ठांची गोळाबेरीज होय. योग्य ऊर्जाफलन असेल, तर सीमेवर प्वांकारेच्या त्या गुंतागुंतीला जागा उरत नाही. च्यांग, वू व वरैया यांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध केलेली रीत तर आणखी चतुर आहे : वेग बाजूला ठेवून केवळ कोनांची एक लहान व्यवस्था घ्यावयाची, तिच्यात खिंड शोधावयाची आणि तीच मोठ्या व्यवस्थेला लावावयाची. शेकडो संभाव्य बिघाडांतून धोक्याचे मोजके निवडून देणारी चाळणी म्हणून अशा रीती उपयोगी पडल्या.

येथे एक गोष्ट प्रांजळपणे सांगितली पाहिजे. वाहिन्यांत होणारा विजेचा व्यय धरला, तर काटेकोर अर्थाने सर्वसाधारण ऊर्जाफलन मिळत नाही, हे च्यांग यांनीच १९८९ मध्ये दाखविले. प्रत्यक्षात वापरली जातात ती फलने अदमासाची आहेत. म्हणजे ज्या हमीसाठी ल्यापुनोव्हकडे गेलो, ती हमी मोठ्या जालात अंशतः सोडून द्यावी लागते आणि शेवटी पावलापावलाच्या आकडेमोडीने पडताळा घ्यावा लागतो.

आता २०१२ कडे येऊ. ऑगस्ट २००६ मध्ये उत्तरेचे जाल पश्चिम, पूर्व व ईशान्य जालांशी एका तालावर जोडले गेले होते. जुलै २०१२ मध्ये उत्तरेत मागणी मोठी होती आणि पश्चिमेकडून उत्तरेला येणाऱ्या वाहिन्यांपैकी बऱ्याच बंद होत्या. बीना-ग्वाल्हेरची दुसरी वाहिनी ७६५ किलोव्होल्टवर नेण्याच्या कामासाठी बंद ठेवलेली होती. चौकशी समितीच्या निष्कर्षाप्रमाणे बीना-ग्वाल्हेर-आग्रा हा एकेरी मार्गच दोन्ही विभागांमधला मुख्य दुवा उरला होता. त्यावर भार इतका चढला, की दूरच्या शॉर्टसर्किटसाठी ठेवलेल्या रिलेला तो भारच बिघाडासारखा भासला आणि त्याने वाहिनी तोडली. बिघाड नव्हताच. नायगाऱ्याजवळच्या त्या सायंकाळची ही सत्तेचाळीस वर्षांनंतरची आवृत्ती होती. वीज मग पश्चिमेकडून पूर्वेला वळसा घालून उत्तरेला जाऊ लागली. वाट लांबली, कोन वाढला, हेलकावे सुरू झाले आणि पूर्व व उत्तर यांच्यामधल्या वाहिन्या एकामागून एक तुटल्या. दुसऱ्या दिवशी हेलकाव्याचे केंद्र पूर्वेत सरकले. दोन्ही दिवशी पश्चिम विभाग, म्हणजे महाराष्ट्र व गुजरातही, वाचला.

यातून माझ्या विषयासंबंधी दोन धडे मिळतात. पहिला : सीमा स्थिर नसते. प्रत्येक वाहिनी बंद ठेवताना खिंड थोडी खाली येते. त्या रात्री बाहेरून सर्व दिवे लागलेले होते, व्यवस्था समतोलात होती. पण कडा पायाशी येऊन ठेपली होती. दुसरा : पुस्तकातील समीकरणांत रिलेची मर्यादा लिहिलेली नसते. आपण काढलेली धार निसर्गाची असते; रिले माणसांनी घातलेले कुंपण असते, आणि ते धारेच्या पुष्कळ अलीकडेही असू शकते. दोहोंचा नकाशा एकत्र मांडला नाही, तर उत्तम गणितही निरुपयोगी ठरते.

पुढील काळात प्रयत्न चालूच राहिले. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर या ७६५ किलोव्होल्टच्या वाहिनीने दक्षिण भारत जोडला गेला आणि सारा देश एका तालावर आला. २००० मध्ये पारिलो याने बहुपदींच्या वर्गांच्या बेरजेतून ल्यापुनोव्हची राशी संगणकाकरवी शोधण्याची रीत दिली. मात्र राशींची संख्या वाढली की तिचा श्रम झपाट्याने वाढतो. २०१३ मध्ये पॉट्सडॅमच्या संशोधकांनी उलटा मार्ग सुचविला : यदृच्छेने सुरुवाती निवडा, किती परत येतात ते मोजा. एक हजार चाचण्यांत प्रमाणत्रुटी दीड टक्क्याच्या आसपास राहते, मग जनित्रे दहा असोत वा हजार. प्रदेश केवढा आहे हे यातून कळते. कड कोणत्या दिशेला जवळ आहे हे मात्र कळत नाही. दरम्यान जालच बदलत आहे. सूर्य आणि वारा यांची बरीचशी वीज अवजड फिरत्या चाकांतून न येता इलेक्ट्रॉनिक उपकरणांतून येते. जडत्व कमी होते आणि हेलकावा आवरण्यास वेळही कमी मिळतो. २८ एप्रिल २०२५ रोजी स्पेन व पोर्तुगाल अंधारात गेले, ते वीजदाब अनावर चढत गेल्यामुळे. जनित्रांच्या कोनांसाठी काढलेल्या नकाशात ही कड दिसत नाही. म्हणून हा इतिहास संपलेला नाही.

ल्यापुनोव्हपासून वरैयांपर्यंतच्या या परंपरेचा सारांश मला असा वाटतो : मोठ्या व्यवस्थेची संपूर्ण सीमा कोणालाही दिसत नाही. जे करता येते ते एवढेच, की आपण कोणत्या दिशेने लोटले जात आहोत ते ओळखावे, त्या दिशेची कड शोधावी आणि चूक व्हावयाचीच असेल तर ती सावधगिरीच्या बाजूला व्हावी. सर्व काही शांत आहे, यावरून काहीच सिद्ध होत नाही. शांतता आणि सुरक्षितता या दोन वेगळ्या राशी आहेत. समोर बसलेल्या विद्यार्थ्यांपैकी जे उद्या वीजकेंद्रात, रुग्णालयात किंवा बँकेत जबाबदारीच्या जागी बसतील, त्यांनी दुरुस्तीसाठी एखादी वाट बंद करण्याच्या कागदावर सही करण्यापूर्वी एवढे विचारावे : आता उरलेली वाट तुटली तर भार कोठे जाईल? या प्रश्नाचे उत्तर मिळेपर्यंत सही थांबवावी, एवढीच माझी त्यांना विनंती आहे.